दाखला वाचून घ्या



गेल्या खेपेला हरभऱ्याच्या साठवणुकीवर लिहिले होते आणि या खेपेला उन्हाळी नांगरटीवर लिहीन असे कबूल केले होते. नांगरट पुढच्या अंकात. जमीन आठ दिवस थांबेल, पण १ मे थांबणार नाही. त्या दिवशी गावोगावच्या शाळांचे निकाल लागतात, आणि त्याआधीच मला हे तुमच्या कानावर घालायचे आहे. शेतीखात्याच्या माणसाने शाळेत कशाला नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण पुढे वाचाल तर कळेल की गोष्ट शेवटी सातबाऱ्यावरच येते.

२०२५ सालच्या १ मेची हकिकत सांगतो. गाव चोपडा तालुक्यातले. झेंडावंदन झाले, ग्रामसभा शाळेच्याच ओसरीवर बसली, आणि कपाशीच्या बियाण्याबद्दल चार शब्द सांगायला मला बोलावले होते. आदल्याच दिवशी आखाजी झाली होती. माहेरवाशिणी गावात होत्या, लिंबाच्या फांद्यांना झोके तसेच टांगलेले होते, आणि निकालाला आलेल्या पोरींच्या हातांवर ताजी मेंदी होती. आपल्याकडचे त्या दिवसांतले ऊन तुम्हाला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, केळीची पाने कडेने करपतात. सकाळचे नऊ वाजले नाहीत तो ओसरीची फरशी तापली होती.

आत वर्ष मिटवण्याची गडबड चाललेली. एका गुरुजींच्या पुढ्यात प्रगतिपुस्तके, दुसरे जुनी पाठ्यपुस्तके परत घेऊन मोजताहेत, कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक लिहिणे चालू. चौथीच्या पोरांना निरोप आधीच देऊन झाला होता. गावाने वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती, आणि पोरांनी वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ दिले होते. ते चालू होते, एवढे मी पाहून घेतले. अशी भेट दिलेली आणि मग बंद पडलेली घड्याळे मी पुष्कळ शाळांत पाहिली आहेत.

त्या शाळेत वर्ग चौथीपर्यंतच. म्हणून मुख्याध्यापकांनी चौथीच्या पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले तयार ठेवले होते. एक पालक पुढे आला, सही केली, कागद हातात घेतला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मी जवळच उभा होतो. म्हटले, "भाऊ, वाचला का?"

तो हसला. "गुरुजीनी लिखेल शे ना साहेब. बराबरच शे."

आता मौज पाहा. अर्ध्या तासापूर्वी याच गृहस्थाने ग्रामसभेत मला उभे राहून विचारले होते की मागच्या हंगामातली बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती अजून जपून ठेवायची की फेकून द्यायची. लॉट नंबर त्याला तोंडपाठ होता. उगवणशक्तीचा आकडा, वापरायची शेवटची तारीख, सगळे तो वाचतो. पाचशे ग्रॅमसुद्धा न भरणारी ती कपाशीची पिशवी तो उलटीसुलटी करून पाहतो. आणि पोरीचा दाखला, जो जन्मभर पुरवायचा, तो न वाचता खिशात.

मी तो कागद मागून घेतला. दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहितात, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत. या दाखल्यावर आकड्यांत सातवा महिना होता आणि अक्षरांत जून. रजिस्टर काढले. रजिस्टरात जुलै बरोबर होता, दाखला उतरवताना चूक झाली होती. मुख्याध्यापक भले गृहस्थ, त्यांनी तिथल्या तिथे दुसरा दाखला लिहून दिला. दहा मिनिटे लागली. हीच चूक त्या पोरीच्या दहावीच्या वेळी, नाहीतर पोलीस भरतीच्या वेळी निघाली असती, तर बापाला किती बस बदलाव्या लागल्या असत्या याचा हिशेब मी करू शकतो. मी स्वतः त्या वाटेने गेलेलो आहे.

माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वयाच्या तुमच्यापैकी किती जणांची १ जून आहे, हात वर करा पाहू. आमच्या लहानपणी बाप पोराला धरून शाळेत न्यायचा, आणि गुरुजी विचारायचे, "कधीचा?" बाप सांगायचा, दुष्काळाच्या आधीचा, किंवा विहिरीला पाणी लागले त्या सालचा. शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा पुरी हवीत, म्हणून गुरुजी वर्षाचा अंदाज घेत आणि दिवस १ जून टाकत. त्यात त्यांचा दोष नव्हता. पोरगे शाळेत बसावे एवढाच त्यांचा हेतू, आणि तो पुरा झाला. माझी आई मात्र सांगत असे, "तू झाला तेव्हा कपाशीची दुसरी वेचणी चालू होती." म्हणजे दिवाळीनंतरची थंडी. कागदावर मी पाच-सहा महिन्यांनी मोठा आहे.

एवढ्याने काय होते? अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी माणूस निवृत्त होतो. १ जूनचा माणूस ३१ मेला. दर वर्षी ३१ मेला कचेऱ्यांतून हारतुऱ्यांची जी रांग लागते तिचे कारण हेच, की एका पिढीचे निम्मे कारकून, शिक्षक आणि आमच्यासारखे लोक गुरुजींच्या लेखणीतून एकाच दिवशी जन्मले. माझी नोकरी आईच्या हिशेबापेक्षा पाच-सहा महिने आधी संपणार. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत पुराव्यानिशी अर्ज केला तरच सेवापुस्तकातल्या तारखेचा विचार होतो. मला ते कळले तेव्हा मुदत गेली होती. आणि खरे सांगायचे तर पुरावाही नव्हता. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच केलेली नव्हती. कपाशीची वेचणी पुरावा म्हणून चालत नाही.

जाता जाता सांगतो, गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही तुम्हाला कपाशी १ जूनच्या आत लावू नका म्हणतो, त्या १ जूनशी माझ्या वाढदिवसाचा संबंध नाही. पण २०१७ साली बोंडअळीने काय केले ते आठवा, आणि ती तारीख तेवढी पाळा.

माझे पाच-सहा महिने गेले तर फारसे बिघडत नाही. शेतकऱ्याचे बिघडते ते नावात. आपल्याकडे घरात एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, शाळेत तिसरे. बापाचे नाव सातबाऱ्यावर 'दगा', आधारकार्डावर 'दगाजी', पोराच्या दाखल्यावर 'दगडू'. माणूस एकच. तो जिवंत आहे तोवर गाव त्याला ओळखते आणि भागते. तो गेल्यावर वारसनोंद करताना तलाठ्याला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. १५ एप्रिल २०२५ पासून आमच्या खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढताना आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही म्हणून परत गेलेली माणसे मी रोज पाहिली. त्यातल्या कित्येकांच्या घोटाळ्याचे मूळ शोधत गेलात तर ते पहिलीच्या वर्गात सापडते. मुलाचे आधार शाळेच्या नावावरून काढलेले, शाळेचे नाव कोणी घाईत सांगितलेले.

म्हणून दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर पोराकडूनच मोठ्याने वाचून घ्या, त्याचीही परीक्षा होईल. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव हे आधारशी अक्षर न् अक्षर ताडा. काना-मात्रासुद्धा. आईचे नाव पाहा. तिथे कधी माहेरचे हाक मारायचे नाव असते आणि आधारवर सासरचे. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत एकच आहे ना आणि ती ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याशी जुळते ना, हे पाहा. जन्मगावाच्या रकान्यात आजोळचे गाव असेल तर तेच असू द्या, लाजू नका, बाळंतपण तिथे झाले असेल तर तेच खरे.

जातीचा रकाना तर दोनदा वाचा. तिथे मोघम शब्द किंवा नुसते आडनाव लिहून ठेवलेले असते आणि पुढे जातपडताळणीत पोर अडकते. या बाबतीत म्हाताऱ्या माणसांचे दाखले फार मोलाचे. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राज्यातल्या रहिवासाचा पुरावा दाखवावा लागतो. तेव्हा घरात कोणाकडे कुठले कागद होते? पण आजोबा दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेले असले, तरी गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची एक ओळ असते. त्या ओळीचा उतारा मिळतो. दोन वर्षे शाळेत गेलेला आजा नातवाला वैद्यकीय कॉलेजात बसवून जातो, हे मी पाहिले आहे. रजिस्टराची जुनी पाने वाळवीने खाल्ली तर गावाचा मोठा ठेवा गेला. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. त्या समितीने उन्हाळ्याच्या सुटीआधी एवढे विचारावे, की रजिस्टरे कुठल्या कपाटात आहेत आणि कपाट भिंतीला टेकून तर ठेवलेले नाही ना.

चूक सापडली तर काय करायचे? दाखला उतरवताना चूक झाली असेल तर काम सोपे, वर सांगितलेच. चूक रजिस्टरातच असेल तर मुख्याध्यापक स्वतःहून खोडाखोड करू शकत नाहीत, आणि त्यांना तसे करायला सांगूही नका. त्या खाडाखोडीनेच पुढे संशय येतो. जन्मदाखला जोडून त्यांच्यामार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज द्यायचा. हे मूल त्या शाळेत शिकत असताना करायचे. एकदा मूल शाळा सोडून गेले की तीच दुरुस्ती फार जड जाते. म्हणजे दाखला मागायच्या आधी रजिस्टरातली ओळ पाहून घेणे सगळ्यांत चांगले. तिसरी-चौथीच्या पालकांनी यंदाच पाहून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांना तर जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच लागणार आहे, तिथे गुरुजींचा अंदाज चालायचा नाही. घरात नवे बाळ असेल तर २१ दिवसांच्या आत नोंद करा, तोवर पैसा लागत नाही.

दाखल्याबद्दल पुष्कळ झाले. पण दाखला घेऊन पोर जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या खानदेशात सालदाराचे साल आखाजीला सुरू होते. शाळेचे वर्ष संपते ते त्याच सुमारास. जुन्या काळी चौथी झालेला पोरगा आखाजीला कोणाच्या तरी दारी गुरे राखायला राहत असे. आता तसे उघड कोणी करत नाही. पण चौथीचा दाखला घरात पत्र्याच्या पेटीत पडून आहे आणि पोर पाचवीत कुठेच नाही, असे आजही घडते, आणि पोरींच्या बाबतीत जास्त घडते. शाळांची माहिती आता संगणकावर असते. जुन्या शाळेतून काढलेले आणि नव्या शाळेने न घेतलेले मूल तिथे 'ड्रॉप बॉक्स' नावाच्या पेटीत जाते. कोणी मागितले नाही तर तिथेच राहते. पत्र्याची पेटी काय आणि ही पेटी काय.

त्या ग्रामसभेच्या दिवशी मी त्या पालकाला विचारले, "पाचवीला कुठे?" पाचवी पलीकडच्या गावी, पाच किलोमीटरवर. तो म्हणाला, "पाहू. कपाशी लागून जाऊ द्या." ही 'पाहू' मला चांगली ठाऊक आहे. जूनमध्ये लावणी, जुलैत निंदणी, मग धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही, मग वेचणी आली. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि त्याच पंधरवड्यात शेतातल्या कामाची तोंडमिळवणी होत नाही. मी शेतीखात्यातला माणूस असून सांगतो, दहा वर्षांच्या पोरीच्या हातांनी जेवढी निंदणी होते तेवढीने तुमचे एकरी उत्पन्न वाढत नाही. कोळपे वेळेवर फिरवाल तर त्याहून जास्त काम होते.

अंतराची अडचण खरी आहे. पण पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत घरापासून शाळेपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. जूनमध्ये शाळेत त्यासाठी विचारा. एखाद्या वेळी गाडीची वेळ शाळेशी जुळत नाही. तेव्हा आगारप्रमुखांकडे चार-पाच गावांच्या ग्रामपंचायतींनी मिळून ठराव पाठवावा. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा ठरावाचे वजन जास्त पडते.

कोणी कोणी मला बहिणाबाईंचा दाखला देतात. त्या कुठे शाळेत गेल्या होत्या म्हणून. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते हे खरे. त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरून घेतली, १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ती छापून आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोरापोरींच्या पदवीवर ते छापलेले असते. पण लिहून घेणारे घरात होते म्हणून आपल्याला बहिणाबाई मिळाल्या. ज्या घरांत कोणी नव्हते, तिथली गाणी तव्यावरच्या भाकरीबरोबर संपली.

आणखी दोन गोष्टी लवकर सांगतो. शिरपूर, साक्रीकडची आणि सातपुड्याच्या पायथ्याची जी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांची पोरे परत येतात तेव्हा इथली शाळा संपत आलेली असते. त्यांनी "वर्ष गेले" म्हणून घरी बसू नये. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतले असेल तर ते दाखवावे. घेतले नसेल तरी जूनमध्ये पोराला घेऊन सरळ शाळेत जावे. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट पाचवी आणि आठवीची. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. या दोन वर्गांत वार्षिक परीक्षेत मूल मागे पडले तर त्याची पुन्हा परीक्षा होते, आणि तिथेही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. शाळेतून मात्र काढत नाहीत. ही दुसरी परीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत असते. नेमके तेव्हाच पोर मामाच्या गावी नाहीतर बापाबरोबर वीटभट्टीवर. निकालाच्या दिवशी गुरुजींना तारीख विचारूनच पोराला मामाकडे धाडा.

आता त्या पोरीचे सांगायचे राहिले. बाप 'पाहू' म्हणाला तेव्हा ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. आम्ही झाडे-रोपांचे खाते म्हणून असेल, तिने मला विचारले, "साहेब, माझ्या लिंबाला पाणी कोण घालील?" जुलैत पोरांनी शाळेच्या आवारात रोपे लावली होती, प्रत्येकाच्या नावाचे एक. आता शाळा दीड महिना बंद. आणि हीच रोपे मे महिन्यात मरतात, दर वर्षी, सगळ्या शाळांत. जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यात नवी लावून फोटो काढतात.

आई तिला न्यायला आली होती. आखाजीला माहेरी आलेली नणंदही बरोबर होती. आई म्हणाली, "गावात सात घरं वाटून घेऊ, साहेब. पाणी आम्ही घालतो." आणि मग नवऱ्याकडे न पाहता, "पाचवीला पण पाठवू. पास मिळतो म्हणता ना?"

त्यानंतर पावसाळा उतरल्यावर माझे त्या गावाला जाणे झाले. आवारातल्या रोपांपैकी दोन शेळ्यांनी खाल्ली होती आणि गुलमोहोर जळाला होता. लिंब कमरेएवढा झाला होता. पोरगी साडेपाचच्या गाडीने उतरली. तिने लिंबाकडे पाहिलेसुद्धा नाही. बरोबरच्या पोरींशी बोलत घराकडे गेली.

त्या सात घरांनी पाण्याची जी रीत केली ती सांगून थांबतो, कारण तुमच्या शाळेलाही ती १ मेच्या आत करता येईल. घरातले जुने मातीचे मडके घ्यायचे, बुडाला बारीक भोक पाडायचे आणि त्यात सुती चिंधीची वात बसवायची. रोपाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर ते मडके गळ्यापर्यंत पुरायचे, वर झाकण ठेवायचे, आणि भोवती केळीची वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट पसरायचे. पऱ्हाटी वापरू नका, तिच्यातल्या बोंडांत बोंडअळी दडून राहते. मडके तीन-चार दिवसांनी भरले तरी पुरते. वात मात्र घट्ट बसवा. सैल राहिली तर सगळे पाणी एका रात्रीत निघून जाते.